अकराव्या नंबरवर कोण?

कोलरेन, पेनसिल्व्हेनिया
शुक्रवार, ७ मार्च

एमिल,

तुझ्या मुलाचे हात आखूड आहेत असं आज गस पेट्राक चारचौघांत म्हणाला आणि मी ते ऐकून घेतलं नाही, एवढं कळवायला हे पत्र.

गस तुला आठवत असेल. कोळसा भाजायच्या कोकच्या भट्टीवर तुझ्या बाबांच्या पाळीत फोरमन होता. आता एकोणऐंशीचा आहे. दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि डोक्यात स्वतःचं एकही मत नाही, आहेत ती सगळी रेडिओवरची. ईस्टरआधीच्या उपासाच्या काळातला पहिला शुक्रवार, मांस वर्ज्य, म्हणून आम्ही चर्चच्या तळघरात मासे तळत होतो. म्हणजे गस तळत होता आणि मी कोबी वाढत होते. विषय अर्थातच ड्राफ्टचा, कॉलेजातली कोणती पोरं यंदा कोणती टीम उचलणार याचा. चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकला गेल्या मोसमात एकसष्ट वेळा लोळवलं. टीव्हीवर तो पोरगा मला दिसतो तेव्हा एकतर पळत असतो, नाहीतर आडवा असतो. त्यामुळे यंदा त्याच्यापुढे उभा राहणारा कोणीतरी धिप्पाड लाइनमन घ्यायचा, यावर गावात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत आहे. आपल्या टीमची पाळी अकरावी. भांडण फक्त कोणाला घ्यायचं याचं.

"सबोल नको," गस म्हणाला. माझ्यासमोर! "हात बत्तीस पूर्णांक सात अष्टमांश. तेहतीस इंचसुद्धा भरत नाहीत. कडेला टॅकल म्हणून नाही चालत. आत सरकव, गार्ड कर त्याला."

मी म्हटलं, "गस, तुझी जीभ सोडली तर तुझ्या अंगावर लांब असं काय आहे? तरी फोरमन म्हणून तुला चालवून घेतलंच ना सगळ्यांनी?"

"ओटिलिया, हे फुटबॉल आहे."

"आणि मी कोण आहे?"

एकतीस वर्षं मी टीमच्या ऑफिसात खेळाडू हेरणाऱ्या स्काउट लोकांचं गिचमिड अक्षर टाइप केलं. कुठला टॅकल टिकतो आणि कुठला नाही, हे मला गसने सांगायची गरज नाही. तुझ्या मुलाचे नऊ सामने मी पाहिलेत. तो गुडघ्यातून बसतो, कमरेतून वाकत नाही. कमरेतून वाकणारा टॅकल म्हणजे बादलीत तोंड घातलेली गाय. बाजूने कोणीही निघून जातं. हा पोरगा बसतो, पाठ ताठ ठेवतो आणि पहिलं पाऊल असं टाकतो की समोरच्याला वाटतं आपल्यालाच उशीर झाला. हे त्याला कोणी शिकवलं ते मला ठाऊक आहे. मी हे पाऊल आपल्या मागच्या अंगणात, दोरीवर कपडे वाळत घालताना, हजार वेळा पाहिलंय.

त्याचं नाव तू टोबायस ठेवलंस हे मला वर्तमानपत्रातून कळलं. वय बावीस, उंची सहा फूट पाच, ओरेगन. वडील शाळेत लाइनमनना शिकवतात. आजीचा उल्लेख नाही. असायचं कारणही नाही.

जुनं प्रकरण मी काढणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते मी टाइप केलं, हे तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही तेच म्हणते.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घराच्या पत्त्यावर पाठवलेली चौदा पत्रं 'घेण्यास नकार' असा शिक्का घेऊन परत आली. ती देताना पोस्टमन ज्या नजरेने बघतो ती मला आता सोसत नाही.

आई


शुक्रवार, २१ मार्च

एमिल,

पत्र परत आलं नाही. दोन आठवडे झाले. तुमच्या शाळेतल्या कारकुनाने ते कचऱ्यात टाकलं असेल, किंवा तू वाचून टाकलं असशील. पण परत आलं नाही. मी रोज अकरा वाजता दाराशी उभी असते आणि रिकामे हात घेऊन आत येते, आणि देवाचे आभार मानते. या वयात काय काय गोष्टींसाठी आभार मानावे लागतात बघ.

आज पुन्हा तीच हुज्जत. तुला ही पद्धत माहीत आहे, तू लहानपणी टेबलाखाली बसून ऐकायचास. उपासाच्या दर शुक्रवारी वाद घालायचा, आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ज्याने त्याने एकेक नाव चिठ्ठीवर लिहून लोणच्याच्या बरणीत टाकायचं. ज्याचं नाव बरोबर येईल त्याला पुढच्या वर्षभर तळघरात भांडी घासावी लागत नाहीत. गसने एकोणीस वर्षं भांडी घासली आहेत, यावरून त्याची पारख ओळख.

गसचा उमेदवार टॉलिव्हर. लुइझियानाचा पोरगा, साडेसहा फूट, हात पस्तीस इंच. गस त्या हातांबद्दल असा बोलतो की लग्नाला उभा आहे.

"पस्तीस इंच! बसल्या जागी दिवा मालवेल तो!"

"मालवेल," मी म्हटलं. "आणि समोरच्याचा शर्ट धरून ठेवेल. मोसमात अकरा वेळा पंचांचा पिवळा रुमाल पडलाय त्याच्यासाठी. लाइनमनचं नाव माइकवर कधी येतं गस? चूक केली की. टॉलिव्हरचं नाव मला पाठ झालंय, यातच सगळं आलं."

व्हायोला झेलेंका बटाट्याचे पिरोही भरत होती. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही आणि त्याचं तिला काही वाटतही नाही. ती म्हणाली, "मला आपला नीट जेवणारा पोरगा हवा. त्या टॉलिव्हरची मुलाखत बघितली, म्हणे भाज्याच खातो."

"व्हायोला, गप बस," गस म्हणाला.

"मी का गप बसू? पिरोही कोण करतंय? आणि ओटिलिया, तू तरी काय एवढी भांडतेस? तुझाच नातू ना? त्यालाच विचार की. इकडे यायचंय का म्हणावं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "विचारते. रविवारी फोन येतो तेव्हा."

"रविवारी फोन येतो?" व्हायोलाचा चेहरा असा फुलला की मला तिच्याकडे बघवेना. "अगं, कधी बोलली नाहीस! एमिलसुद्धा बोलतो?"

"बोलतो."

"काय म्हणतो?"

"हवा कशी आहे विचारतो."

हे मी चर्चच्या तळघरात, उपासाच्या शुक्रवारी, हातात कोबीचा चमचा धरून सांगितलं. नन लोकांनी मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या, टायपिंग आणि पापांची यादी. हे पाप मी अजून फादरना सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे.

आणि यादी काढलीच आहे तर आणखी एक. मागच्या पत्रात डॉक्टरांचं जे लिहिलं ते तितकंसं बरोबर नाही. डॉक्टरांच्या कागदावर तुझ्या गुडघ्याचा उल्लेख नव्हता. ती ओळ मी घातली. 'डावा गुडघा. सकाळी सूज. पायऱ्या चढताना त्रास.' पण ती खरी होती, एमिल. डिसेंबरातल्या सामन्यात तुझा गुडघा मुरगळला होता आणि जानेवारीभर तू जिना एकेक पायरी करून चढत होतास. बर्फाच्या पिशव्या कोणी भरल्या? तुझ्या बाबांनी अठ्ठावीस वर्षं भट्टीसमोर गुडघे टेकले. बावन्नाव्या वर्षी त्यांना खुर्चीतून उठायला माझा हात लागायचा. तुझं तसं होऊ नये म्हणून मी ते लिहिलं. कोणत्याही आईने लिहिलं असतं.

टोबायसला म्हणावं, डाव्या खांद्याने आधी भिडतोस ते बंद कर. टीव्हीवर दिसतं.

आई


मंगळवार, ८ एप्रिल

एमिल,

आज जे झालं ते तुला ताबडतोब कळायला हवं, म्हणून शुक्रवारची वाट न बघता लिहिते.

सकाळी टीमच्या ऑफिसातून फोन आला. व्हिटकम नावाचा माणूस. आवाजावरून चाळिशीचा, दात फार असावेत. माझे जुने साहेब मिस्टर हॅलोरन बसायचे त्या खोलीत आता हा बसतो. म्हणाला, "मिसेस सबोल, इथे अजून तुमचं नाव निघतं. जुने रिपोर्ट तुमच्यासारखे कोणी टाइप केले नाहीत म्हणतात."

मी म्हटलं, "स्तुती झाली असेल तर कामाचं बोला. माझी खीर लागेल खाली."

तो कामाचं बोलला. यादीत आता दोनच नावं उरली आहेत, टॉलिव्हर आणि टोबायस सबोल. त्याला टोबायस हवा आहे. पण नवव्या नंबरला वाळवंटातली ती टीम आहे, आणि त्यांनाही टोबायसच हवा आहे. ते त्याला अकरापर्यंत येऊ देणार नाहीत.

"मग घ्या टॉलिव्हरला," मी म्हटलं. "दिवे मालवायला उपयोग होईल."

तो हसला, पण थांबला नाही. "मला जुन्या फायलीत त्याच्या वडिलांचा रिपोर्ट सापडला. डावा गुडघा. आणि त्याच्या आजोबांना म्हणे शेवटी चालता येत नव्हतं. खरं आहे?"

"तुमच्या डॉक्टरांनी पोराला तपासलं नाही?"

"तपासलं. आमच्याही आणि त्यांच्याही. ठणठणीत आहे. पण डॉक्टरांना आजचा गुडघा दिसतो, मिसेस सबोल. घराण्यातला दिसत नाही. तुम्ही एवढंच म्हणा, की हो, आमच्या घरात गुडघे टिकत नाहीत. आजीचा शब्द. तो पुढे कसा जाईल ते मी बघतो. तिथला मालक घाबरट आहे. तो टॉलिव्हरला घेईल, अकराव्याला पोरगा आमचा होईल, आणि तुमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर राहील. दोघांचंही भलंच आहे यात."

माझ्या हातात पळी होती. ढवळणं थांबलं होतं.

"विचार करा," तो म्हणाला. "ईस्टरनंतर सोमवारी फोन करतो."

चाळीस मिनिटं. मला मोटार चालवायची परवानगी नाही आता, पण व्हायोलाचा भाचा सोडेल. घरच्या मैदानावर नऊ सामने. नऊ रविवार. आणि मुलगा इथे खेळत असताना बाप एकदाही येणार नाही? तू कितीही हट्टी असलास तरी एकदा येशील. मी जवळसुद्धा येणार नाही, वर कठड्यापाशी बसेन. तुझी मान मागून दिसली तरी पुरे.

आणि मी खोटंही बोलणार नाही त्यात. तुझ्या बाबांचे गुडघे गेलेच होते. तुझा मुरगळलाच होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

खीर लागली. ओतून दिली.

आई


गुड फ्रायडे, १८ एप्रिल

एमिल,

आज तळघर बंद असतं. मासे नाहीत, भांडण नाही. मी घरात एकटी आहे. दहा दिवस विचार केला. काय ठरवलं ते लिहिण्याआधी मला दुसरं काहीतरी लिहायचं आहे, आणि त्यात तुझ्या बाबांचे गुडघे, डॉक्टर, कोणत्याही आईने केलं असतं, यातलं काहीही येऊ द्यायचं नाही असं मी स्वतःला बजावलं आहे.

ती ओळ जानेवारीत खरी होती. मी ती मार्चमध्ये लिहिली.

मार्चमध्ये तू धावत होतास. सकाळी सहाला नदीच्या रस्त्याने चर्चपर्यंत आणि परत, आणि आल्यावर आपला जिना तीन-तीन पायऱ्या गाळत चढायचास. मी खालून ओरडायचे, जिना मोडेल म्हणून. मला पूर्ण माहीत होतं.

बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. कॅलिफोर्नियाची टीम तुला तिसऱ्या फेरीत घेणार होती. हे मला तुझ्याआधी कळलं, कारण तो कागद माझ्याच टेबलावरून गेला. आपल्या टीमलाही तू आवडत होतास, पण मिस्टर हॅलोरन म्हणायचे, सबोलच्या पोराला सहाव्या फेरीच्या आधी घेणं परवडत नाही. मी एकवीस वर्षं त्या ऑफिसात होते. पोरांना खाली कसं घसरवतात ते रोज बघत होते. एखाद्याच्या नावापुढे एक बारीक शंका लिहायची, ती चार ठिकाणी पोचू द्यायची, आणि सगळे बिचकले की आपण स्वस्तात उचलायचा. सगळ्याच टीम करायच्या. कोणाला त्यात पाप वाटत नव्हतं. आमचे रिपोर्ट आणखी आठ टीमना जायचे, एकमेकांत वाटून घ्यायची पद्धत होती. मला वाटलं, एक ओळ. कॅलिफोर्निया सोडून देईल, बाकीचे बिचकतील, सहाव्या फेरीत आपले लोक तुला घेतील, आणि तू तुझ्याच खोलीत राहशील. ऑफिसात एकवीस वर्षं काढलेल्या बाईलाच सुचेल अशी ही हुशारी होती. मी तुझ्या जिवावर ड्राफ्ट खेळले.

तुला ड्राफ्टचा तो रविवार-सोमवार आठवतो. मला विसरता येत नाही. बारा फेऱ्या. तू इस्त्रीचा शर्ट घालून फोनशेजारी बसला होतास. तिसरी फेरी गेली तेव्हा तू माझ्याकडे बघून हसलास, की हरकत नाही आई. सहावी गेली. सातवी गेली. सोमवारी आठवी फेरी संपल्यावर मी शेजारच्या घरी जाऊन तिथून हॅलोरनना फोन केला. तू समजलास मी दूध आणायला गेले. मी म्हटलं, "गुडघा बरा आहे त्याचा. तो धावतो. मी स्वतः बघते. घ्या त्याला, मिस्टर हॅलोरन."

ते म्हणाले, "ओटिलिया, तू तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेयस, हे शोधायला मला वेळ नाही. आईलाच जो गुडघा नक्की माहीत नाही, तो मी घेत नाही."

मी दूध घेऊन परत आले.

पुढे दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. त्यांनी त्यावर पुन्हा एक शब्द काढला नाही. तेच त्यांनी मला केलेलं शासन.

जूनमध्ये तू दुसऱ्या टीमच्या चाचणीला गेलास, आणि तिथल्या माणसाने तुला तो कागद दाखवला. खाली डाव्या कोपऱ्यात टायपिस्टने आपली आद्याक्षरं बारीक अक्षरांत घालायची असतात. सांगणाऱ्याची मोठी, टाइप करणाऱ्याची बारीक. त्या कागदावर मोठी अक्षरं नव्हतीच. नुसती माझी होती. मला तेवढं खोटं करवलं नाही, दुसऱ्याचं नाव घालायचं. नन लोकांचं शिक्षण बघ कुठे आडवं आलं.

तू आलास तो सरळ स्वयंपाकघरात. "आई," म्हणालास, "पायऱ्या?" एवढंच.

आणि मी तुला म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलं."

त्या क्षणी खरं बोलले असते तर तू गेला असतास की नाही, हे मी छत्तीस वर्षं स्वतःला विचारत आले. गेला असतास बहुतेक. पण मग पत्रं परत पाठवली नसतीस.

मला तू घरात हवा होतास. याहून मोठं कारण नाही.

सोमवारी तो दातवाला फोन करेल.

आई


शुक्रवार, २५ एप्रिल

एमिल,

तुझ्या मुलाचं अभिनंदन.

क्रमाने लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही. सोमवारी सकाळी व्हिटकमचा फोन आला. "मग, मिसेस सबोल? घराण्याचं काय?"

मी म्हटलं, "लिहून घ्या. माझ्या नवऱ्याचे गुडघे तुमच्यासारख्यांच्या भट्टीने खाल्ले. माझ्या मुलाचा गुडघा मुरगळला होता, तो सहा आठवड्यांत बरा झाला. तुमच्या फायलीतली ओळ खोटी आहे. ती मी लिहिली."

"तुम्ही?" तो म्हणाला. मग आवाज उतरला. "हे बघा, हे मला कळलं नसतं तरी चाललं असतं. तुम्ही नुसतं काहीच बोलला नाहीत तरी मी निभावून नेईन. तुमचं नावसुद्धा येणार नाही."

"नाव तर येऊ द्याच," मी म्हटलं. "आणि त्या पोराच्या गुडघ्याबद्दल कुठूनही एक शब्द निघाला, तर मी वर्तमानपत्राला फोन करेन. चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीचा फोटो पहिल्या पानावर छान दिसतो."

त्याने फोन ठेवला. मी कोट चढवून तळघरात गेले आणि बरणीत चिठ्ठी टाकली. टॉलिव्हर, असं लिहिलं. अकरापर्यंत दुसरं कोणी उरणार नव्हतं हे मला माहीत होतं.

काल संध्याकाळी सगळे तळघरात जमले. मोठा टीव्ही लावला होता. व्हायोलाने दोनशे पिरोही केले होते आणि टोबायसच्या कॉलेजच्या रंगाची फीत स्वतःच्या केसांना बांधली होती, या वयात. आठ नंबर झाले. नवव्याला नाव पुकारलं, टोबायस सबोल, आणि तळघरातला आवाज एकदम बसला. गसने यंत्र कानातून काढून टेबलावर आपटलं.

"गेला! वाळवंटात गेला!" मग माझ्यावरच उलटला. "एकतीस वर्षं त्या ऑफिसात काढलीस तू. कोणाला तरी एक शब्द टाकायचास! पोरगा इथे आला असता!"

"तुला तर टॉलिव्हर हवा होता ना?" व्हायोला म्हणाली.

"मला टॉलिव्हर हवा होता, पण हिला पोरगा हवा होता!" गस ओरडला. त्याचे डोळे लाल झाले होते. मूर्ख माणूस. एवढे शुक्रवार मी त्याला नुसताच बडबड्या समजत होते.

तेवढ्यात टीव्हीवर तुमची बैठकीची खोली आली.

एमिल, तुझे केस गेले. माझ्या वडिलांसारखे, मधोमध. टाय तुला अजून बांधता येत नाही. मुलाने तुला मिठी मारली तेव्हा तू त्याच्या खांद्याएवढा दिसलास, आणि तू तर आपल्या दारातून वाकून यायचास. तुझ्या बायकोने हिरवा झगा घातला होता. ती चांगली दिसते. मी दोन पावलं पुढे जाऊन अगदी काचेजवळ उभी राहिले.

मग टीव्हीवाल्या मुलीने तुझ्यापुढे माइक धरला. म्हणाली, "तुम्ही स्वतःही उत्तम टॅकल होता असं ऐकलंय. मग खेळणं का सोडलंत?"

तू जरा थांबलास. मला ते थांबणं ओळखू आलं. मग म्हणालास, "गुडघा. डावा."

आणि तुझ्या मुलाने तुझ्या पाठीवर हात ठेवला, जसं हे त्याने लहानपणापासून ऐकलंय. तुझ्या बायकोनेही मान हलवली. त्यांना दुसरं काही माहीतच नाही. तू त्यांना कधी सांगितलंच नाहीस. आई होती, तिने असं केलं, हे सांगण्यापेक्षा तुला माझीच ओळ सांगणं सोपं गेलं. माझ्यावर दया केलीस, की मला गोष्टीतूनच काढून टाकलंस, हे मला कळत नाही. विचारायचा हक्कही नाही.

मागे व्हायोला हळहळली. "बिचारा एमिल. गुडघ्याने घात केला गं पोराचा."

सगळ्यांनी मान डोलावली. छत्तीस वर्षं हे गाव तसंच म्हणतं आणि छत्तीस वर्षं मी मान डोलावते.

मी मागे वळले. म्हटलं, "त्याचा गुडघा धडधाकट होता, व्हायोला."

"अगं, आत्ताच तर तो—"

"धडधाकट होता. मी रिपोर्टमध्ये खोटं लिहिलं. तो माझ्याजवळ राहावा म्हणून लिहिलं. आणि रविवारी मला कोणाचाही फोन येत नाही."

गस कानाचं यंत्र हातात धरून उभा होता. त्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने ते कानात घातलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा सांगितलं. त्याच शब्दांत, जरा मोठ्याने.

टीव्हीवर दहावा नंबर झाला. मग आपली पाळी आली.

आपल्या टीमने टॉलिव्हरला घेतलं. हात पस्तीस इंच. कोणी टाळी वाजवली नाही.

आई